गणपूर्ती

सभा दुपारची होती. लुदिविना पाल्मारेस घरातून निघाली ती एवढंच ठरवून, की मांडवाच्या रस्त्यानं जायचं नाही. मागची बोळ धरायची, विहिरीपाशी वळायचं आणि थेट कॅप्टनच्या दारात जाऊन उभं राहायचं. मांडव टाळायचा.

दुरुस्ती : वरच्या शेवटच्या वाक्यात 'टाळायचा' याच्यापुढे 'होता' हा शब्द घालावा.

मागच्या बोळीत गटार उकरून ठेवलं होतं आणि ओलांडायला फळीसुद्धा नव्हती. ती परत फिरली.

मांडव रस्त्यात होता. रस्त्याच्या कडेला नव्हे, रस्त्यातच. या घरापासून त्या घरापर्यंत निळी ताडपत्री, खाली प्लास्टिकच्या खुर्च्या, पत्त्यांची दोन टेबलं, आणि शेवटी दिव्यांच्या मध्ये काचेच्या झाकणाची पेटी. पेटीत दियोनिसियो. जन्मभर उतारूंची जीपनी चालवलेला माणूस, आणि आता त्याच्यामुळं एक गाडी पुढं सरकत नव्हती. त्याचं घर आत, बोळीत. बोळ इतकी अरुंद की पेटी वळत नाही. म्हणून बारांगायच्या, म्हणजे वस्तीच्या, मंडळानं ठराव करून त्याला रस्ता दिला होता. लुदिविनानंही हात वर केला होता. मंडळाच्या प्रमुखानं, कॅप्टननं, तर फुलांचं चक्र पाठवलं होतं. त्यावरच्या पट्टीवर कॅप्टनचं नाव मयताच्या नावापेक्षा ठळक होतं.

तोच ठराव आज मागं घ्यायचा होता. उद्या सकाळी शहरातून रस्ते तपासणारं पथक येणार होतं, आणि रस्ता अडलेला दिसला तर कॅप्टनची खुर्ची गेली म्हणून समजा. दियोनिसियोचा मुलगा एल्मार जहाजावर इंजिनखान्यात कामाला होता. तो पोचणार उद्या संध्याकाळी. ठराव मागं घेतला तर मयत सकाळच्या आत पुरायचं. मग एल्मारला बापाचं तोंड दिसणार नव्हतं, ओली माती दिसणार होती.

"लुदी." सालिंगनं, दियोनिसियोच्या बायकोनं, हाक मारली. "तिकडंच चाललीस ना?"

"हो, नांग." थोरल्या बाईला नांगच म्हणायचं.

"बरं." सालिंगनं खुर्ची ओढली. "मग कॉफी घेऊन जा. रिकाम्या पोटी हात कसा वर होणार?"

पत्ते पिसणारा एकजण हसला आणि लगेच पत्त्यांत बघू लागला.

"जेवून आलेय, नांग."

"जेवलेल्याला कॉफी चालते की. आधी तुम्ही मंडळातले सगळे रोज यायचात. त्या तिमोला तर घरी जा म्हणावं लागायचं, इतकं खायचा. कालपासून एक फिरकला नाही. ह्यांना काय वास सुटलाय?"

मयताच्या घरची कॉफी नाकारायची म्हणजे मयताला नाकारायचं. लुदिविना बसली. पेला हातात घेतला. सालिंग विनवण्या करील, पाया पडेल, असं तिला वाटत होतं, त्याची उत्तरंही तिनं वाटेत जुळवून ठेवली होती. सालिंग एवढंच म्हणाली, "एल्मारचा फोन होता. बाबांना कुठला शर्ट घातलाय विचारत होता. म्हटलं, येऊन बघ."

तेवढ्यात मांडवाच्या तोंडाशी तीनचाकी येऊन थांबली. बोयोंग, कॅप्टनचा पहारेकरी, आत न येताच लुदिविनाला म्हणाला, "नांग, उठा. चारच जण झालेत. कॅप तापलेत."

नऊ जणांच्या मंडळात सभा भरायला पाच लागतात. दोघं मनिलाला गेले होते, एक तापात पडला होता, एकाचा फोन लागत नव्हता. पाचवी ती.

तिनं पेला खाली ठेवला आणि तीनचाकीत बसली.

*

बारांगायच्या कचेरीचं छप्पर वादळात उडालेलं, म्हणून सभा कॅप्टनच्या दिवाणखान्यात. कॅप्टन होनोरियोनं दारातच तिचा हात हातात घेतला.

"आलात. देवासारख्या आलात, नांग. जोसी कशी आहे?"

"बरी आहे."

"कामाची पोर. पुढच्या महिन्यात आरोग्यसेविकांच्या नेमणुका करायच्यात, तेव्हा आधी तिचंच नाव डोळ्यांसमोर येतं माझ्या."

जोसी तिची सून. तिची आत्ताची नेमणूकही कॅप्टनच्याच सहीनं झालेली.

हजेरी झाली. प्रार्थना झाली. तिमोतेओनं ठराव मांडला, वाचला, आणि वाचताना चष्मा दोनदा पुसला.

हरकत (लुदिविना) : एक दिवस थांबावं.

हरकतीवर चर्चा :

"एक दिवस कुणाचा?" तिमोतेओ म्हणाला. "पथक काय एल्मारचं विमान विचारून येतंय?"

"त्यांना सांगता येईल की मुलगा येतोय म्हणून."

"सांगा. ते लिहून घेतील, 'मुलगा येतोय', आणि खाली कॅपना घरी बसवतील."

म्हाताऱ्या आवेलिनाबाई पंख्यानं वारा घेत म्हणाल्या, "आमच्या वेळी मयत घरात ठेवायचे."

"तुमच्या वेळी घरं होती, बाई."

गेल्या साली रुबेनचं दुकान जळालं तेव्हा आगीचा बंब असल्याच एका मांडवामागं अडकला होता. मांडव निघेपर्यंत दुकानाच्या भिंती तेवढ्या उरल्या होत्या. तो लुदिविनाकडे न बघता म्हणाला, "नांग, मला दियोनिसियोबद्दल काही नाही. त्याच्याच जीपनीतून मी शाळेला गेलोय. पण रस्ता रस्ता असतो."

तिचं मत पडो न पडो, चौघांची मतं पुरेशी होती. तिचं मत कुणाला नकोच होतं, ती हवी होती ती नुसती बसायला.

कॅप्टनची बायको एस्ट्रिंग आतून पान्सितची, म्हणजे शेवयांची, परात घेऊन आली आणि लुदिविनापासून सगळ्यांपुढं फिरवली. मागून त्यांची लेक मायलीन, दिवस भरलेली, कंबरेवर एक हात ठेवून. ती सावकाश आली आणि लुदिविनाच्या शेजारी टेकली. खोलीतली तीच एक खुर्ची रिकामी होती. लुदिविना पूर्वी सुईणीबरोबर हिंडायची, हे मायलीनला ठाऊक होतं.

"नांग, हात लावून बघा ना. लाथ मारतोय का उलटा फिरलाय, कळत नाही."

लुदिविनानं हात पुढं केला.

आणि मध्येच थांबवला.

मयताकडून कुणी सरळ दुसऱ्याच्या घरात शिरत नाही. वाटेत कुठंतरी टेकायचं, दुकानात, बेकरीत, चौकातल्या बाकावर, कुठंही. मागं लागलेला असेल तर तो तिथंच उतरतो. पोरासोरांना माहीत असतं हे. ती स्वतःच्या घरीसुद्धा कधी सरळ गेली नव्हती, नवरा गेला तेव्हाही नाही. आज बोयोंगनं तीनचाकी मांडवाला लावली आणि कॅप्टनच्या उंबऱ्याला सोडली. मध्ये काही नाही. ती दियोनिसियोला सोबत घेऊन आली होती, आणि इथं भरल्या पोटाची पोर हात लाव म्हणत होती.

"काय झालं, नांग?"

"काही नाही, इंदाय. हात गार आहे माझा."

मायलीन हसली. "गार चालेल की, उकडतंय."

हात मांडीवर परत आला. तिनं तो दुसऱ्या हातानं दाबून धरला. आता गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. मत पडेल, पान्सित संपेल, ती निघून जाईल, आणि या पोरीला काही झालं तर जगात एकटी तीच जाणेल. बोललं तर सभा मोडणार, आणि उभा बारांगाय म्हणणार की लुदीनं हे मुद्दाम केलं. कॅप्टन तर म्हणणारच. मुद्दाम केलं असतं तर निदान तयारी तरी झाली असती.

"मतदान घेतो," कॅप्टन म्हणाला. "ठरावाच्या बाजूनं—"

"कॅप." तिचा आवाज तिलाच बारीक लागला. "मी मांडवातून सरळ आलेय."

तिमोतेओचा हात अर्धा वर गेला होता. तो तिथंच राहिला.

"सरळ म्हणजे?"

"कॉफी घेतली. बसले होते. आणि बोयोंगनं उचलून आणलं. कुठंच थांबले नाही. आत्ता लक्षात आलं."

पहिली हालचाल एस्ट्रिंगनं केली. तिनं परात खाली ठेवली, मायलीनला दंडाला धरून उठवलं आणि आतल्या खोलीत नेऊन दार ओढून घेतलं. परत आली ती मिठाची बरणी घेऊन.

"उठा."

"एस्ट्रिंग, मत तेवढं पडू दे. दोन मिनिटं."

"तुझं मत घाल चुलीत. पहिलटकरीण आहे पोर माझी." तिनं उंबऱ्यावर मीठ ओतलं. "हिच्या परातीतून ज्यांनी ज्यांनी खाल्लंय ते सगळे बाहेर. तूसुद्धा. हात धरलास ना हिचा दारात? बेकरीत जाऊन या, मग बोला."

"परात तुझीच आहे की," तिमोतेओ पुटपुटला, पण उठला.

*

दुरुस्ती : 'सभा मोडली' असं जे कुणी पुढं सांगतील, त्याऐवजी 'सभा चालत गेली' असं वाचावं.

पुढं कॅप्टन, मागं तिमोतेओ, मग आवेलिनाबाई पंखा डोक्यावर धरून, मग रुबेन. सगळ्यांत मागं लुदिविना. वाटेत बोलायचं ते कॅप्टन एकदा मागं वळून तिच्याकडे बघूनच बोलला.

बेकरीवाल्यानं मंडळच्या मंडळ दारात बघितलं आणि हात पुसले. "लायसन्स लावलंय, कॅप. हे बघा, भिंतीवर."

"पाव दे," कॅप्टन म्हणाला.

"किती?"

"माणशी एक."

पाव आले. पाचही जण फळकुटाशी उभं राहून चावू लागले. गरम होते. लुदिविनाला पहिला घास गिळला तसं जरा हलकं वाटलं. मायलीनवरचं निघालं म्हणायचं. आता घरी जावं, आणि संध्याकाळी तिचं पोट बघायला यावं, कुणी आत घेतलं तर.

कॅप्टननं पावाचा चुरा शर्टावरून झटकला आणि माणसं मोजली. बोटानं नाही, नजरेनं.

"पाच आहोत की."

तो तिमोतेओकडे वळला.

"तिमो, जागा बदलता येते ना?"

"अध्यक्षाला येते. हजर सभासदांनी चालवून घेतलं तर."

"मग इथंच घेऊ. नव्यानं हजेरी." त्याचा आवाज चढला नव्हता. आता तो तापलेला नव्हता, आणि हेच लुदिविनाला वाईट वाटलं. "तिमोतेओ."

"हजर."

"आवेलिना."

"हजर. लवकर आटपा, भट्टीची धग लागतेय."

"रुबेन."

रुबेन पावाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हजर."

"लुदिविना."

मघाशी दियोनिसियोनं तिला सोडवलं होतं. चूक होती, पण चुकीला कुणी शिक्षा करत नाही. कॅप्टन चार दिवस फुगून बसला असता, मग हसण्यावारी नेलं असतं, जोसीचं नावही राहिलं असतं. आता दियोनिसियो उतरला होता. भट्टीपाशी उतरला असेल, पिठाच्या पोत्यांत. आता ती आणि तिचं नाव, एवढंच होतं.

तिनं उरलेला पाव रुमालात बांधला.

"मी निघते, कॅप."

"आत्ता?"

"हो."

"कारण द्यावं लागतं, नांग. सभेतून उठताना."

"मघाशी कारण होतं. आता नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. लिहा, निघून गेली."

तिमोतेओ म्हणाला, "नांग, एका माणसाच्या मढ्यासाठी..."

कॅप्टन तिच्याजवळ आला. बेकरीवाल्याला ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलला, तरी त्याला ऐकू गेलंच. "जोसीला मी काय सांगू?"

"तुम्ही नका सांगू," लुदिविना म्हणाली. "मीच सांगते, घरी जाऊन. तुमच्या आधी."

ती उन्हात उतरली. ती सावकाश चालली. घाई केली असती तर पळाल्यासारखं दिसलं असतं. सुनेला कुठल्या शब्दांत सांगायचं, ते ती जुळवू लागली. जोसी आधी रडणार नाही, विचारेल. का, म्हणून विचारेल. एल्मारनं शर्टाचं विचारलं ते सांगावं का? त्यानं सुनेचं काय समाधान व्हायचं?

मागून कॅप्टननं पुन्हा तिचं नाव घेतलं, हजेरीत घेतात तसं, पूर्ण, आडनावासकट. मग थांबला. नियमाप्रमाणे तिसऱ्यांदाही घेतलं.

बेकरीत हजर चारच उरले होते. रुबेननं दुसरा पाव मागितला.