मारुतीच्या देवळापुढची चाल

"मुनवरभाई, ती तुमची नवी चाल होऊन जाऊ द्या!" सोसायटीचे चेअरमन नानासाहेब वरातीतून ओरडले. पुतण्याचं लग्न, त्यामुळे फेटा भलताच तिरका झाला होता.

बँडमास्तर मुनवरने मनातल्या मनात कपाळावर हात मारला. ही 'नवी' चाल त्याने बहात्तरच्या दुष्काळात बांधलेली. आता सत्त्याऐंशी उजाडलं होतं. तेव्हाची शेंबडी पोरं बाप झाली, तरी चाल आपली नवीच! धाराशिवकडचे सगळे बँड तीच वाजवत, तेही त्याच्या चुकांसकट.

बँडवाल्यांची एक रीत होती. नवरदेव कपडे करायला मारुतीच्या देवळात गेला की फर्माइशी थांबायच्या. तेवढ्या वेळात मास्तरने मनाला येईल ते वाजवावं. मुनवरने हिवाळाभर खपून एक चाल बसवली होती. मधेच ठेका मोडणारी, भलतीकडेच वळणारी. पंचावन्नाव्या वर्षी आपल्यात अजून काही उरलंय का, एवढंच त्याला बघायचं होतं.

बेंबळी गावच्या मारुतीच्या देवळात नवरदेव शिरला. मुनवरने ढोलवाल्या कोंडीरामला खूण केली आणि क्लॅरिनेट ओठांना लावलं.

ठेका मोडला तसे नाचणारे अडखळले. दोघं एकमेकांवर आदळले.

"ह्ये काय रडगाणं लावलंय?" नानासाहेब पुढे आले. "नवीन वाजवा की!"

"ही नवीनच हाय, साब."

"आवो, पण नाचता येईना हिच्यावर!"

मुनवरने क्लॅरिनेट खाली घेतलं. वाद घालायचं त्राण नव्हतं. "बरं," एवढंच तो म्हणाला.

कोंडीरामने ढोलाचा पट्टा सारखा केला. हळूच म्हणाला, "वस्ताद, दुष्काळात ती चाल पयल्यांदा वाजवली, तवा ईट गावच्या लग्नात बी लोकांचं पाय असंच अडकलं व्हतं. नवरीचा चुलता काठी घिऊन अंगावर आल्ता. तुमी थांबला न्हवता."

"व्हय," मुनवर म्हणाला. "तवा न्हवतो थांबलो."

त्याला फार थकल्यासारखं झालं. लोक जुन्यालाच नवं म्हणत राहिले, म्हणून तो इतकी वर्षं त्यांच्यावर रुसला होता. आज एका शब्दावर माघार घेणारा मात्र तो स्वतःच होता.

नवरदेव बाहेर आला. मुनवरने बहात्तरची चाल धरली. एकच जल्लोष झाला, धुरळा उडाला. बोटं आपली आपण फिरत होती, त्याला काही करावंच लागत नव्हतं. म्हणून तो नाचणाऱ्यांचे पाय बघत राहिला. एकही पाय चुकत नव्हता.