भरल्या श्वासाचं माप

वन्सं जाड आहेत. अंगानं भरलेल्या, खात्यापित्या घरच्या, असले शब्द लोक वापरतात. त्या स्वतः जाडच म्हणतात. फक्त आमच्या शिवणाच्या दुकानात टेप कमरेला लागली की त्यांचं पोट आपोआप आत जायचं. लहानपणापासूनची सवय. त्यात आमचे हे, म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, टेप आणखी दोन बोटं आवळून घ्यायचे. कपडा घट्ट असला की माणूस जेवताना हात आखडतो, असा ह्यांचा सिद्धांत. स्वतःच्या पोटाला तो लागू नाही. मी काजं-बटणं करते, सिद्धांतात पडत नाही. वन्संची तुटलेली बटणं मात्र मीच लावत आले.

यंदा गायनसंघाच्या मास्तरांनी वन्संना आयुष्यात पहिल्यांदा एकटीनं गायला दिलं. कार्यक्रमाचा निळा पायघोळ झगा आमच्याकडेच शिवला. तो घालून त्या तालमीला गेल्या आणि लांब सुराच्या मध्येच श्वास तुटला. पुन्हा लावला, पुन्हा तुटला. मास्तर म्हणाले, वजनामुळे दम लागतोय, उद्याही असंच झालं तर दुसरीला द्यावं लागेल.

वन्सं तशाच दुकानात आल्या आणि झगा घट्ट होतोय म्हणाल्या.

"नाचता येईना, अंगण वाकडं," ह्यांनी कात्री खाली न ठेवताच सांगितलं. "ताई, किती वर्षं सांगतोय, थोडी कमी हो."

वन्सं पडद्यामागे जाऊन आपला रोजचा सैल सदरा घालून आल्या आणि तिथंच उभ्या राहून त्यांनी तो सूर लावला. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. माझा सुईत दोरा ओवून झाला, गाठ मारून झाली, तरी सूर चालूच. या खेपेला अंगण खरंच वाकडं होतं, आणि ते आमच्याच दुकानात शिवलेलं होतं.

मग त्यांनी पोटभर श्वास घेतला, धरून ठेवला आणि हात बाजूला केले. ह्यांनी टेप लावली. सवयीनं आवळायला गेले.

"आवळू नकोस," वन्सं म्हणाल्या. "मी एवढी आहे. एवढीला शीव."

ह्यांनी आकडा पुटपुटला. वन्संनी तो मोठ्यानं म्हणायला लावला. सगळ्यांनी ऐकला आणि कुणाचंही काही बिघडलं नाही. झगा उसवला तर शिलाईच्या आत कापड भरपूर दाबलेलं निघालं.

"म्हणजे तुला माझं खरं माप ठाऊक होतं," वन्सं म्हणाल्या. हे मशीनवर मान खाली घालून बसले. मला ह्यांचा राग आला, आणि तो मी बोलूनही दाखवला.

दुसऱ्या दिवशी तालमीला आम्ही दोघं मागच्या बाकावर होतो. वन्संनी पोट सैल सोडून श्वास भरला. थांबायच्या खुणेचा मास्तरांचा हात खाली आला तरी सूर थोडा पुढं गेलाच. शेजारी हे चारचौघांत बसतात तसे पोट आत घेऊन बसले होते. सूर संपला तेव्हा ह्यांनीही पोट सोडलं.