तापलो की गप्प व्हायचो

मी गिटारचा ॲम्प्लिफायर बोलतोय. जुन्या पद्धतीचा, व्हॉल्व्हवर चालणारा. तार छेडली की तिचा जेमतेम ऐकू येणारा आवाज वायरीतून माझ्याकडे येतो आणि मी तो हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचवतो. माझ्या पोटात काचेचे दिवे आहेत, तेच माझे व्हॉल्व्ह. ते तापल्याशिवाय मला कंठ फुटत नाही. बटण दाबलं की लगेच आवाज हवा, अशा माणसांशी माझं कधी जमलं नाही.

एका लहानशा कारखान्यात मी जन्मलो. लांब टेबलाशी बायका ओळीने बसायच्या. तोंडाने घरच्यादारच्या गप्पा चालू आणि हाताने वायरींना सोल्डरचे डाग देणं चालू. गप्पा कितीही रंगल्या तरी हात चुकत नसे. माझा शेवटचा डाग लावणारीने त्याच्यावर फुंकर मारली आणि शेजारणीला म्हणाली, “चला, हा गेला नांदायला.”

मी नांदायला गेलो तो दादाकडे. त्याच्या धाकट्या बहिणीमुळे सगळं जग त्याला दादाच म्हणायचं. तेव्हा तो तरुण होता, एका बँडमध्ये गिटार वाजवायचा. मला तो ‘खोकं’ म्हणे. “खोकं उचला रे, सांभाळून,” असं ओरडत जिने चढायचा. आम्ही लग्नांत वाजवलं, हॉटेलांत वाजवलं, एकदा तर नव्या दुकानाच्या उद्घाटनाला रस्त्यावरच वाजवलं. माणसांची एक सवय मला तेव्हा कळली. कुठलीही सपाट वस्तू दिसली की तिच्यावर चहाचा कप ठेवायचा. माझ्या डोक्यावरची गोल वर्तुळं अजून गेलेली नाहीत.

एका कार्यक्रमाच्या तोंडावर माझा फ्यूज उडाला. फ्यूज उडतो तो उगाच नाही. आत काहीतरी बिनसलंय, थांबा, असं तो सांगत असतो. पण लोक येऊन बसले होते. दादाने सिगारेटच्या पाकिटातली चांदी फ्यूजवर गुंडाळली आणि मला चालू केलं. “चालतंय की,” तो म्हणाला. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर माझ्यातून धूर निघाला. दादाने प्लग ओढला, दुसऱ्याचा ॲम्प्लिफायर मागून आणला आणि कार्यक्रम पार पाडला. पुढे त्याने बिनव्हॉल्व्हचा एक हलकाफुलका नवा घेतला. मी मागच्या खोलीत गेलो. माझ्यावर जुनी चादर आली आणि चादरीवर इस्त्रीचे कपडे.

बरीच वर्षं गेली. मग दादाला अर्धांगाचा झटका आला. पाय हळूहळू सावरला. डावा हात मात्र रुसूनच बसला. गिटारवर सूर धरणारा हात तोच. दादाने नवा ॲम्प्लिफायर बँडमधल्या मित्राला देऊन टाकला. गिटार भिंतीवर राहिली, कारण ती काढायलाही दोन हात लागतात.

घरात आता दोघंच. दादा आणि बहीण. बहिणीचे केस पिकायला आले होते, तरी तो तिला चिमणीच म्हणायचा. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. काचा घासणं, फ्रेममध्ये बसवणं, डोळ्याला भिंग लावून बारीक स्क्रू पिळणं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दादाला एक रबरी चेंडू दिला होता. दादा तो दाबायचा नाही, रिमोटशेजारी ठेवून टीव्ही बघायचा.

“बोटं हलली तर गिटार वाजवता येईल,” चिमणी एकदा म्हणाली.

“कशावर वाजवू? खोकं जळलं, हात गेला.”

“हाताचं मला कळत नाही. खोक्याचं बघते.”

तिने माझ्यावरचे कपडे काढले, चादर झटकली आणि मला रिक्षात घातलं. दोन दुकानांत एकच उत्तर मिळालं. असे पार्ट आता कोण ठेवतं, भंगारात द्या. ती मला परत घेऊन आली, पण चादर काही घातली नाही.

तिच्या दुकानात एक गिऱ्हाईक येई. आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केलेले, म्हणून रेडिओकाका. ते दर थोड्या दिवसांनी चष्म्याचा नंबर बदलून मागायचे. “काका, नंबराचा दोष नाही, मोतीबिंदू आहे, ऑपरेशन करा,” असं ती सांगायची आणि ते विषय बदलायचे. या खेपेला विषय तिने बदलला. माझी हकिकत सांगितली.

“व्हॉल्व्हचा आहे?” काका खुर्चीत सरळ बसले. “मला आता डाग देता येणार नाही. दिसत नाही.”

“मला दिसतं. तुम्ही सांगा, मी करते.”

“एका अटीवर. सांगितल्याशिवाय कशालाही बोट लावायचं नाही.”

“माझीही एक अट आहे. हे झालं की डोळ्याचं ऑपरेशन.”

काका पुटपुटले, पण नाही म्हणाले नाहीत.

दर रविवारी सकाळी काकांच्या खिडकीजवळच्या टेबलावर मी उघडा पडू लागलो. पहिला धडा विजेचा होता. “प्लग काढला म्हणजे वीज गेली असं समजू नकोस,” काका म्हणाले. “वीज साठवणाऱ्या कंडेन्सरच्या पोटात ती दबा धरून बसते. आधी ती उतरवायची. आणि काम करताना एक हात खिशात. दोन्ही हात आत घातले तर झटका छातीतून जातो.”

“माझ्या ड्रेसला खिसा नाही.”

“मग पाठीमागे धर.”

अशी ती एक हात पाठीमागे धरून, शाळेतल्या मुलीसारखी माझ्यावर वाकायची. काकांनी बोटांनी चाचपत फ्यूजवरची चांदी शोधली.

“हे कुणी केलं?”

“भावाने.”

“वाजवणारे सगळे सारखेच,” काका म्हणाले आणि नवा फ्यूज मागितला.

मग मला थेट विजेला न जोडता मध्ये एक साधा बल्ब लावला. आत वीज नको तिथून वाहत असेल तर तो बल्ब भगभगून पेटतो आणि बाकीचं वाचतं. बल्ब भगभगून पेटला. माझे मोठे कंडेन्सर फुगून निकामी झाले होते. चिमणीने ते बदलले. पहिले डाग ओबडधोबड आले, तिने ते काढून पुन्हा दिले. पुढच्या खेपेला बल्ब मंद राहिला, माझे व्हॉल्व्ह उजळले आणि तिने गिटारच्या वायरीच्या टोकाला बोट लावताच मी घुरघुरलो. काका हसले. एवढ्या वर्षांनी स्वतःचा आवाज ऐकून मला काय वाटलं, ते सांगता येत नाही.

पण तापलो की मी गप्प व्हायचो. आधी खरखर, मग आवाज खोल जाऊन नाहीसा. “व्हॉल्व्ह गेलाय,” काका ठामपणे म्हणाले. आपल्या पत्र्याच्या डब्यातून एकेक व्हॉल्व्ह काढून त्यांनी बदलायला लावला. फरक नाही. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. घरी दादा वैतागला.

“पुरे आता. माझ्यासाठी करत असशील तर करू नकोस.”

“तुझ्यासाठीच सुरू केलं होतं,” चिमणी म्हणाली. “आता ते का गप्प होतं, हे कळल्याशिवाय मी सोडणार नाही.”

पुढच्या रविवारी ती बोलली नाही, नुसती बघत बसली. मी तापत गेलो.

“काका, हा मोठा व्हॉल्व्ह आतून लाल होतोय. शेजारचा नाही होत.”

काकांनी व्हॉल्व्हचा डबा बाजूला सरकवला. “मग मी चुकलो. व्हॉल्व्हचा गुन्हा नाही. मागचा छोटा कंडेन्सर गळतोय आणि त्याला भाजून काढतोय.”

तो कंडेन्सर बदलला. लाली गेली, पण खरखर उरली. मग काकांनी लाकडी चमचा मागवला. मी चालू असताना चिमणीने त्याच्या दांडीने माझ्या एकेका जोडावर हलकेच टकटक करायची आणि काकांनी डोळे मिटून ऐकायचं.

“थांब. आत्ता कुठे मारलंस? परत मार. तिथेच.”

मला बंद करून तिने भिंग लावलं. व्हॉल्व्हच्या बैठकीजवळ एका डागाला केसाएवढी चीर होती. गार असताना मिटलेली, तापलो की उघडणारी. तिने तो डाग वितळवून नव्याने दिला. मग जेवणं झाली, चहा झाला, मी चालूच. “अजून ठेवू,” ती म्हणत राहिली. मी दिवसभर तापलो आणि गप्प झालो नाही.

घरी आल्यावर तिने भिंतीवरची गिटार काढली, मला जोडली. तिला वाजवता येत नव्हतं. तिने नुसता हात फिरवला. आतल्या खोलीतला टीव्ही बंद झाला.

“किती बेसूर लागलीय ती,” दादा काठी टेकत बाहेर आला. “दे इकडे. नाही, तू पीळ, मी सांगतो. चढव. अजून. बास.”

गिटार सुरात आली. दादाने डावा हात गिटारच्या दांडीवर ठेवला. बोटं एकेकट्या तारेवर जाईनात. मी त्याची प्रत्येक चूक मोठी करून ऐकवत होतो. आवाज लपवणं मला जमत नाही. मला वाटलं, आता हा गिटार खाली ठेवणार. त्याने चिमणीला काही तारा ढिल्या करून सुरात उतरवायला लावल्या, इतक्या की नुसत्या मोकळ्या तारा छेडल्या तरी पुरा कॉर्ड, म्हणजे जुळत्या सुरांचा मेळ, वाजावा. मग तर्जनी आडवी टाकून सगळ्या तारा एकदम दाबल्या. दुसरा कॉर्ड वाजला. फाटका, पण दुसरा.

“नवशिके असं वाजवतात,” तो म्हणाला.

“मग?”

“मग काही नाही. जरा आवाज वाढव.”

हल्ली तो रोज वाजवतो. चेंडूही दाबतो, आधी चेंडू, मग गिटार. रेडिओकाकांचं ऑपरेशन झालं. चिमणी त्यांच्या उरावर बसून त्यांना घेऊन गेली. परवा बँडच्या जुन्या मित्रांनी एका छोट्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला होता. दादाचं बोट मध्येच घसरलं आणि गाणं थांबलं. चिमणी माझ्या शेजारी उभी होती, तिने पुढे पाऊल टाकलं नाही.

“पुन्हा घेतो,” दादा म्हणाला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी शेवटपर्यंत पोचला.

मी काही अमर नाही. माझ्यात अजून जुने भाग आहेत, त्यातला एखादा कधीतरी दगा देणारच. तुमच्याही घरात एखादा माझ्यासारखा गप्प बसून असेल, तर त्याच्यावर चादर घालण्याआधी एवढं करा. त्याला उघडा, तापू द्या, आणि तो नेमका कुठे थांबतो ते कान देऊन ऐका. मी निघतो. आतून गिटारच्या तारा लावल्याचा आवाज येतोय आणि मला गरम व्हायला थोडा वेळ लागतो.