पिवळी पट्टी आणि सोड्याचा पुडा

मी एक जुने मूत्रपिंड आहे. मित्रांनो, या देहाच्या राज्यात आम्ल किती आणि क्षार किती, याचा अंतिम निवाडा मीच देते. माझ्या निकालपत्राला तुम्ही लघवी म्हणता.

एकाहत्तर वर्षे मी अमेरिकेत, नेब्रास्कातल्या वर्लिन ह्रुस्काच्या डाव्या कुशीत आहे. त्याने शाळेची बस चालवली, डुकराचे मांस रिचवले. मागे उरलेले आम्ल मी मुकाट्याने बाहेर टाकले. आम्ल वाढले की फुप्फुसे दोन श्वास जास्त टाकून मोकळी होतात. माझ्या कामाला दिवस लागतात, म्हणून कौतुक त्यांचे.

निवृत्त झाल्यावर वर्लिन कुठूनसे ऐकून आला की माणूस आम्लानेच मरतो. त्याने कागदी पट्ट्या आणल्या. लघवीत बुडवल्यावर पिवळी झाली, की आम्ल; निळी झाली, की क्षार. ती पिवळीच व्हायची. होणारच! सुपलीत कचरा दिसला म्हणून घर घाण आहे, असे त्याने ठरवले आणि रोज चमचाभर खाण्याचा सोडा, म्हणजे क्षार, घेऊ लागला. तोही मी बाहेर टाकत राहिले आणि पट्टी निळी होऊ लागली.

मार्चमध्ये त्याला उलट्या लागल्या. पोटातले आम्ल गेले, पाणी गेले, अंग सुकले. मी घाबरले. घाबरून मीठपाणी घट्ट धरले आणि त्या ओढाताणीत सोडाही धरून ठेवला. सोडले ते आम्लच. पट्टी पुन्हा पिवळी.

"बघ आर्डिस, परत आम्लच!" वर्लिन बायकोला म्हणाला. "आण तो पुडा."

"अरे, तू माणूस आहेस की केक?"

त्याने दोन चमचे घेतले. रक्त क्षाराकडे कलले. फुप्फुसांनी श्वास आखडला, हृदयाचा ठोका चुकू लागला. मी ओरडत होते. पण माझी बोलायची एकच वाट, आणि ती कोरडी पडलेली.

तिसऱ्या चमच्याला त्याची बोटे चोचीसारखी आकसली. चमचा पडला.

"वर्लिन, उचल तो."

"उचलता येत नाहीये गं."

 आर्डिसने रुग्णवाहिका बोलावली.

दवाखान्यात शिरेतून मिठाचे पाणी आले, थेंब थेंब. धरलेला सोडा मी भीतभीत सोडू लागले. वर्लिनने चोरून पट्टी बुडवली. निळी!

"बघितलंस? सोड्यानं गुण आला," तो म्हणाला.

आता तो घरी आहे. पुडा ओट्यावर आहे. ओट्याकडे त्याची पावले वळली की माझा थरकाप होतो.

मित्रांनो, माझी थोरवी ओळखा, असे मी म्हणत नाही. त्या बाजूला गेलात तर आर्डिसला एवढेच सांगा: पुडा वरच्या फळीवर ठेव. दुखऱ्या गुडघ्यामुळे त्याला स्टुलावर चढवत नाही.