साठ अधिक चाळीस, गुणिले पाच

विहाराच्या मागच्या अंगणात ताडपत्री अंथरली होती आणि तिच्यावर तांदूळ ओतले होते. आश्विनातलं सकाळचं ऊन दाण्यादाण्यावर बसलं होतं, जणू त्यालाही आज जेवायला बोलावलंय. तीन महिन्यांचा वर्षावास संपला होता, ग्रंथवाचनाचं शेवटचं पान काल झालं होतं आणि आज पुसेगावच्या वस्तीत भोजनदान होतं. पोळ्या घराघरांतून भाजून यायच्या. चुलवणावर शिजायचं ते भात, वरण आणि वांग्याची भाजी.

सरिताकाकूनं पदर कमरेला खोचला. ढिगाकडं एकदा पाहिलं, पुतणीकडं एकदा पाहिलं.

"ऐशू, सव्वीस किलोच?"

"सव्वीसच, काकू."

"वैशाखात चाळीस लागले. तवा तांडा नव्हता, पाहुण्यांची वीसच घरं व्हती. आता तांडा येऊन राहिला, तरी तांदूळ कमी?"

"वैशाखात भात उरला व्हता का न्हाई? दोन पातेली?"

"उरला व्हता, खरं हाय."

"मग! तवाचं माप कच्चं व्हतं. आता मी दुरुस्त केलंय. कॉलेजातल्या मॅडमनं तपासलंय."

मॅडमचं नाव निघाल्यावर काकूनं वाद सोडला, पण तिच्या डोळ्यांनी सोडला नाही. ते ढिगाभोवती फिरतच राहिले.

ऐश्वर्या कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला होती. प्रोजेक्टसाठी तिनं गेल्याच वर्षी एक लहानशी भाषा रचायला घेतली होती. मराठीत लिहायची, मोबाईलवर चालायची, आणि तिचं नावही तिनं साधंच ठेवलं होतं: माप. कारण त्या भाषेत पहिल्यांदा जे लिहिलं गेलं ते आबांचं माप होतं. आबा म्हणजे तिचे आजोबा, किशनराव. चाळीस वर्षं वस्तीतलं कुठलंही भोजनदान असो, किती माणसाला किती शिजवायचं हे किशनरावांनी सांगायचं आणि बाकीच्यांनी चुलवण पेटवायचं. त्यांचं पातेलं शेवटच्या पंगतीआधी कधी रिकामं वाजलं नव्हतं. पण गुडघे गेले, ऑपरेशन ठरलं, तेव्हा फाल्गुनात त्यांनी नातीला समोर बसवलं आणि डोक्यातलं सगळं सांगून टाकलं. "लिहून घे. मी असंन नसंन, तुझ्या काकूला कामाला येईल."

तिनं लिहून घेतलं. वैशाखातल्या पौर्णिमेला काकूनं त्या मापावरच सैपाक केला आणि निभावला.

मग पावसाळ्यात कॉलेजात प्रतिक्षा मॅडमनी तिची भाषा उघडली, दोन अधिक तीन गुणिले चार एवढंच टाकलं, आणि उत्तर आलं वीस.

"वीस?" मॅडम हसल्या. "पाचवीतलं पोर चौदा सांगेल."

चूक ऐश्वर्याला लगेच कळली. तिचं माप भोळं होतं. डावीकडून निघायचं, वाटेत जी खूण भेटेल तिचं काम करायचं, पुढं चालायचं. दोन आणि तीन पाच, पाच चोक वीस. गणिताची रीत तशी नाही. तिनं दीड महिना खपून ते नव्यानं बांधलं. आता प्रत्येक खुणेला तिनं जोर दिला: बेरजेला दहा, गुणाकाराला वीस. आकडा हाती आला की लगेच गिळायचा नाही, पुढं कोण उभंय ते बघायचं. मधला तीन दोन खुणांच्या मध्ये उभा असतो. डावीकडून बेरीज हाक मारते, उजवीकडून गुणाकार. जिच्या हाकेत जोर, तिच्या ओटीत तीन जातो. तिचं पुरं होईस्तोवर बेरजेनं दाराशी थांबायचं. दोन्ही खुणांचा जोर सारखा असला, तर आधी आलेलीचा मान.

तीन चोक बारा, बारा आणि दोन चौदा. ज्या दिवशी पडद्यावर चौदा उमटलं त्या दिवशी ती होस्टेलच्या जिन्यावर एकटीच नाचली होती. मॅडमनी कंस, भागाकार, वजाबाकी, सगळं घालून पाहिलं. कुठं अडलं नाही.

आणि त्याच नव्या मापात, आबांनी सांगितलेल्या त्याच जुन्या ओळींनी, काल सव्वीस उत्तर आलं होतं.

नऊ वाजता जीप आली. ऑपरेशनपासून आबा सेनगावला लेकीकडं होते; त्यांना आणायला खेमा गेला होता. खेमा शेजारच्या बंजारा तांड्यावरचा, आबांच्या तरणेपणापासूनचा मैतर. जीपच्या मागच्या बाजूला त्याच्या मळ्यातल्या वांग्यांचे चार क्रेट होते आणि पुढं, पाय लांब करून, आबा.

"जय भीम, जय भीम!" खेमा सगळ्यांना म्हणाला.

"उतरव आता, का जय सेवालाल म्हणल्याबिगर दार उघडत न्हाई तुझं?" आबा म्हणाले.

दोघांनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि खुर्ची अंगणात आणली. आबांनी चुलवणं पाहिली, लाकडं पाहिली, पातेल्यांच्या कडा बोटानं तपासल्या. मग ताडपत्रीकडं वळले.

"सरिता, बारसं कुणाचं हाय?"

"बारसं?"

"हे तांदूळ बारशाचे हायत ना? भोजनदानाचे कुठं ठेवले?"

काकूनं ऐश्वर्याकडं बोट केलं.

"हेच हायत, आबा," ऐश्वर्या म्हणाली. "सव्वीस. बराबर हायत."

"बराबर न्हाईत."

"तुमच्याच ओळी हायत. मशीन चुकत न्हाई आता."

"मशीनीचं मला कळत न्हाई, बाई. तांदळाचं कळतं. शेवटची पंगत कुणाची?"

तिला ठाऊक होतं. तांड्याचे लोक सकाळी सोयाबीन काढूनच निघायचे, म्हणून शेवटची पंगत दरवर्षी त्यांची. कमी पडलं तर ते पाहुण्यांच्या पानावर कमी पडणार. चाळीस वर्षांत जे झालं नाही ते आज व्हायचं, आणि तिच्या हातून.

"किती माणसं धरली गं त्यानं?" खेमानं विचारलं.

तिनं मोबाईल उघडला. "दोनशे साठ."

"घरं किती?"

"वस्तीची साठ, तांड्याची चाळीस."

"शंभर घरं, अन दोनशे साठ माणसं? आमच्या एका पंगतीलाच दोनशे बसतात."

ऐश्वर्याचं बोट पडद्यावरच थांबलं. ओळ अशी होती: माणसं म्हणजे वस्तीची घरं अधिक पाहुण्यांची घरं गुणिले पाच. मधले चाळीस. डावीकडून बेरजेची हाक, उजवीकडून गुणाकाराची. तिनंच दिलेल्या जोरानं चाळीस उजवीकडं गेले. चाळीस पंचे दोनशे. आणि वस्तीची साठ घरं तशीच, दाराशी उभी राहून, मागून मिळवलेली.

"अगं बाई," ती पुटपुटली. "पाचनं फक्त तांड्याला गुणलं."

खेमाला हे उमगायला क्षण लागला. मग तो मांडीवर हात मारून हसला. "म्हणजे आमच्या घरात पाच-पाच माणसं, अन तुमच्या घरात एकेकच! किसनराव, मशीन आमच्या बाजूची निघाली!"

"कंचेभागुबेव," काकू कपाळाला हात लावून म्हणाली. "गुरुजींनी छडी मारून पाठ करून घेतलं व्हतं. कंस पहिला, बाई. कंस कुठं हाय तुझा?"

"आबांनी सांगितलाच न्हाई."

"सांगितला व्हता," आबा म्हणाले.

"न्हाई, आबा. शब्द न् शब्द उतरवलाय मी."

"शब्द उतरवले असशील." आबांनी उजवा हात उचलला. "मी काय म्हणलं? वस्तीची घरं, अन पाहुण्यांची घरं…" आणि बोलता बोलता त्यांच्या हातानं हवेत एक सावकाश गोल काढला, दोन्ही ढीग एकात ओढून घेतल्यासारखा. "…घरटी पाच."

फाल्गुनातली ती दुपार तिला जशीच्या तशी आठवली. लिंबाखालची बाज, आबांचा आवाज, आणि हा हात. हात फिरत होता आणि ती मान खाली घालून टाईप करत होती. जुनं, भोळं माप डावीकडून चालत यायचं, म्हणून साठ आणि चाळीस आपोआप आधी भेटायचे आणि हाताची उणीव कुणाच्या ध्यानात आली नाही. माप शहाणं झालं, आणि उणीव उघडी पडली.

"खळ्यावर दोन राशी एक केल्या का भोवती राखेचं कडं काढत व्हतो आमी," आबा म्हणाले. "कडं काढलं म्हणजे आतलं सगळं एक. मगच माप घालायचं. कडं न काढता कुणी माप घातलं तर माझा बाप त्याला खळ्याबाहेर काढायचा."

"मग मला काढा बाहेर."

"तुला बाहेर काढून भात कोण वाढवील? रडू नको. रडण्यात तांदूळ भिजतात, शिजत न्हाईत. कडं काढ, अन आकडा सांग."

तिनं दोन कंस घातले. एक साठच्या आधी, एक चाळीसच्या पाठीशी. पडद्यावर पाचशे उमटलं, त्याखाली तांदूळ पन्नास, डाळ पंचवीस.

"चोवीस किलो तांदूळ कमी, बारा किलो डाळ," काकूनं तोंडीच काढलं. "दुकानातून आणून निवडेपर्यंत दुपार व्हईल."

"आमच्या तांड्यावरून आणू का?" खेमा म्हणाला. "जीप उभीच हाय."

"जेवायला बोलवायचं अन तांदूळ बी त्याच्याकडूनच मागायचे? बस तिथं, वांगी चीर." आबांनी माईक मागवला. विहाराच्या भोंग्यातून त्यांचा आवाज वस्तीवर गेला: घरटी दोन वाट्या तांदूळ, एक वाटी डाळ, निवडलेली असावी, पोरगी दारात येऊन राहिली.

पोरगी म्हणजे ऐश्वर्या. दोन पोती खांद्यावर टाकून ती पहिल्या घरापासून निघाली आणि जिथं जाईल तिथं तिनं कारण लपवलं नाही. कुणी हसलं, कुणी 'जाऊ दे लेकरा' म्हणालं. जनकाबाईनं दोनाच्या चार वाट्या घातल्या आणि वर बजावलं, "तुझ्या मशीनीला सांग, माझ्या घरात एक न्हाई, सात हायत. मोजून सांग. धाकटी नात बी धर."

साठ दारं. प्रत्येक दारात पोतं थोडं जड होत गेलं आणि तिचं मन थोडं हलकं. काल पडद्यावर साठ हा एक आकडा होता. आज त्यात कुणाची म्हैस होती, कुणाच्या अंगणात कापूस वाळत होता, कुणाचं बाळ उंबऱ्यावर रांगत होतं. साडेदहाला ती परतली तेव्हा चुलवणावर आधण उसळत होतं.

पहिली पंगत लेकराबाळांची झाली, दुसरी वस्तीची. मग धुरोळ्यातून तांडा आला, सोयाबीनच्या काड्या केसांत अडकलेल्या, पाय धुऊन ओळीनं बसला. खेमाची बायको रुख्मिणीबाई मुद्दाम ऐश्वर्याला हाक मारून म्हणाली, "वाढ गं, आमच्या घरात पाच हायत म्हणं!" सगळी पंगत हसली, म्हणजे खेमाचं तोवर सगळ्यांना सांगून झालं होतं. ऐश्वर्यानं कान धरले आणि तिच्या पानावर भाताचा डोंगर केला.

शेवटचं पान उठलं तेव्हा आबांनी डाव मागितला आणि पातेल्याच्या कडेला टेकवून खाली सोडला. आवाज आला नाही. तळाशी अजून दहा-बारा माणसांचा भात होता, वाढप्यांपुरता. आबांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "आता मला वाढा."

जेवणं आटोपल्यावर आबा, काकू आणि ऐश्वर्या विहाराच्या पायरीशी बसले. आबांनी एकेक ओळ पुन्हा सांगायची, ऐश्वर्यानं ताडून पाहायची. आता ती आधी त्यांच्या हाताकडं बघत होती, मग तोंडाकडं. वरणाला कडं लागलं. मिठाला लागलं. मग तिखटाची ओळ आली: फोडणीला दोन वाट्या, अधिक, दर शंभराला तीन वाट्या.

आबांचा हात मांडीवरच राहिला.

"इथं कडं न्हाई?"

"न्हाई. फोडणीचं एकदाच. शंभराला तीन ते वेगळं. इथं तुझ्या मॅडमचंच खरं."

ऐश्वर्यानं वैशाखाची माणसं घालून पाहिली. चारशे, म्हणजे चार शेकडे. नव्या मापानं चौदा वाट्या. जुन्या, भोळ्या मापानं, दोन आणि चार सहा, सहा त्रिक अठरा.

"अठरा!" काकू ताडकन उठली. "म्हणून वैशाखात भाजीनं अख्खी वस्ती हाय हाय करत व्हती! पाच महिने मी बोलणी खाऊन राहिले, सरिताचा हात जड, सरिताचा हात जड. अन आबा, तुमी बी फोनवरून तेच म्हणला व्हता!"

"म्हणलो व्हतो," आबा म्हणाले. त्यांना हसू आवरत नव्हतं. "माझं चुकलं. आज भाजी कशी बसली व्हती, सांग बरं? पाचशेला सतरा वाट्या. माझ्या हातून बी इतकी कवा बसली न्हाई."

काकू खाली बसली, पण राग लगेच उतरू द्यायचा तिचा विचार दिसला नाही. तिनं मोबाईल ऐश्वर्याच्या हातातून घेतला, उलटसुलट पाहिला आणि परत दिला.

"पोळ्यांची ओळ न्हाई यात."

"पोळ्या आबांनी कधी सांगितल्याच न्हाईत. त्या घराघरांतून येतात ना."

"येतात आपोआप? आदल्या दिवशी दारोदार फिरून कुणी किती भाजायच्या हे मी सांगते, तवा येतात. दर साली कुणीतरी कमी आणतं." तिनं आबांकडं पाहिलं. "हे माप माझं हाय. मी सांगू?"

"सांग की," आबा म्हणाले. "पुढल्या साली तूच सांगायचं सगळं. मी नुसता जेवायला येईन."

काकूनं पदर सारखा केला आणि घसा साफ केला. "लिही. मोठी घरं, अन लहान घरं, मिळून एक. हे आधी. त्याला दहा पोळ्या घरटी."

ऐश्वर्यानं कंस घातले, ओळ पुरी केली आणि साठचा आकडा टाकायला गेली. काकूनं तिचं मनगट धरलं.

"साठ नगं लगेच. आधी दोन मोठी, एक लहान, एवढंच घाल. त्याचं मला तोंडी येतं."

"तीस," ऐश्वर्यानं पडद्यावरून वाचलं.

"तीस," काकूनंही बोटांवर काढून म्हटलं, आणि सकाळपासून पहिल्यांदा निवांत हसली. "हां. आता साठ घाल."