हेमेंद्रचं पान

हनोईत रस्ता ओलांडायचा तर थांबायचं नाही, पळायचंही नाही. हळूहळू चालत राहायचं, स्कूटरवाले आपोआप बाजूनं निघून जातात. हे मला हेमेंद्रनंच वाचून दाखवलं होतं, नागपुरात चहाच्या टपरीवर. हा पठ्ठ्या गोंदियाच्या गोरेलाल चौकातसुद्धा माझा हात धरल्याशिवाय रस्ता ओलांडत नसे. आमच्या लग्नाचं निघालं तेव्हा मात्र त्याच्या आईवडिलांनी डोळे वटारले आणि त्याचा हात सुटला. मे महिन्यात त्यांच्या दुकानदार घराण्याला शोभेल अशी सून आली. हनोईची तिकिटं आम्ही त्याआधीच काढून ठेवली होती. त्याचं गेलं वाया. माझं का जाऊ देऊ?

म्हणून मी, भाग्यश्री, दरेकशाच्या जंगलूची पोरगी, पाठीवर ही थोरली बॅग घेऊन एकटीच आले. पहिल्या दिवशी हॉस्टेलसमोरच्या रस्त्याकडेला शुंभासारखी उभी राहिले आणि रस्ता न ओलांडताच परत फिरले. दुसऱ्या दिवशी देवाचं नाव घेऊन घुसले. शहराच्या मधोमध असलेल्या तळ्याभोवती चकरा मारल्या, बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून नूडल्सचं सूप प्याले. समोरचं स्टूल रिकामं होतं. एका जोडप्यानं ते ओढून नेलं, तर मला इतका राग आला की विचारू नका. खरं तर राग नव्हता तो. वाईट वाटत होतं, फार वाईट.

तिसऱ्या दिवशी सकाळी एका गल्लीत कावडवाली बाई भेटली. तिच्या टोपलीत कमळाच्या पानाखाली हिरवेगार पोहे होते. जवळ गेले आणि वासानंच ओळखलं. कोवळा, नवा तांदूळ. आमच्या शेतात, लवकर पिकणाऱ्या हलक्या धानाच्या बांधीत येतो तोच वास. तिनं चिमूटभर पोहे माझ्या तळहातावर ठेवले. तोंडाकडे नेलेला हात मी तसाच खाली घेतला.

आम्हा गोंडांकडे ‘नवा’, म्हणजे नव्या धानाचा सण, झाल्याशिवाय नवीन तांदूळ कुणी तोंडात घालत नाही. आधी देवाला आणि पितरांना, मग घरातल्या प्रत्येकाचं पळसाचं पान मांडून सगळ्यांनी सोबत खायचं. आमच्या घरात एकदा ज्याला पान लागलं तो कायमचा घरचा. गेल्या वर्षी हेमेंद्र पाहुणा म्हणून आला होता. बाबांनी त्याला पान लावलं आणि गडी दोनदा मागून जेवला. त्याचं लग्न झाल्याचं मी अजून घरी सांगितलंच नव्हतं. तोंडातून निघेना.

एका मुठीत तो तांदूळ घेऊन मी तिथंच उभी होते, तेवढ्यात बाबांचा फोन आला.

“कवा येऊन राहिली तू? नवा थांबून हाये. माय अजून जुनेच तांदूळ शिजवते. अन् हेमेंद्रले घेऊन येजो. पानं आणून ठेवली मी, त्याचं बी.”

“बाबा, त्याचं पान लावू नका.”

“काऊन? मेला का तो?”

आमच्याकडे पान काढतात ते फक्त मेलेल्याचं. क्षणभर वाटलं, हो म्हणावं आणि सुटावं. चार महिने मनातल्या मनात मी त्याला शिव्याच घालत होते. पण हे काही जिभेवर येईना.

“नाही, बाबा. चांगला हाये. त्याचं लगन झालं. दुसरीसंग.”

फोनमधून नुसत्या आमच्या कोंबड्या ऐकू येत राहिल्या. मी भर गल्लीत हमसून रडायला लागले. कावडवालीनं आपलं स्टूल पुढे सरकवलं आणि दंडाला धरून मला बसवलं. आता बाबा दोन शिव्या हासडतील, पान फेकून देतो म्हणतील, याची मी वाट बघत होते.

“जिता हाये, तं पान राहीन, पोरी,” ते शेवटी म्हणाले. “ते मले काढता नाही येत.”

“मी आल्यावरच करा नवा,” मी कसंबसं म्हटलं. मूठ मी अजून उघडली नव्हती.

“तुह्याबिगर कसा करीन?” बाबा म्हणाले. “मागच्या साली तुह्यं पान त्याच्या बाजूले लावलं होतं. यंदा मायच्या बाजूले लावतो.”