टोपीखालचं खोटं हसू

मित्रांनो, मी एक जुनी टोपी आहे. उन्हापावसाची नव्हे, लग्नकार्यात मिरवायचीही नव्हे. माझ्या निळ्या ताणदार कापडात बटणाएवढ्या धातूच्या चकत्या बसवल्या आहेत आणि मागून तारांची जाडजूड वेणी निघते. माणसाच्या मेंदूत विजेच्या बारीक लहरी सतत चालू असतात. त्या टिपून शेजारच्या संगणकाकडे पोचवणं हे माझं काम.

कारखान्यातून नवीकोरी आले तेव्हा माझा तोरा काही विचारू नका. मनाच्या आजारांच्या या दवाखान्यात मला आणलं ते खास कामासाठी. नैराश्यावर औषधं पुष्कळ आहेत, पण कोणाला कोणतं लागू पडेल हे आधी कळत नाही. गुण यायला महिना-दीड महिना लागतो आणि तोवर माणसाचा धीर सुटतो. म्हणून इथले डॉक्टर औषधाआधी एकदा आणि सुरू केल्यावर आठवड्यानं पुन्हा लहरी टिपतात. दोन्हींतला फरक पाहून औषध उपयोगी पडेल का, याचा अंदाज बांधतात. अंदाजच हं, भविष्य नव्हे.

एकदा शाळेची बस चालवणारी बाई आली. दोन औषधं वाया गेली होती आणि तिची बस वर्षभर दुसऱ्याच्या हाती होती. तिसरं औषध सुरू होऊन आठवडा झाल्यावर धाकटा भाऊ तिला दुसऱ्या तपासणीला घेऊन आला.

"आजचं झालं की गोळ्या बंद," ती खुर्चीत बसता बसता म्हणाली. "काडीचा फरक नाही. उगीच तुझी ओढाताण."

भाऊ तिची पर्स मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसला.

तपासणी करणाऱ्या ताईंनी मला तिच्या डोक्यावर चढवलं, चकत्यांखाली लहरी नीट पोचवणारं चिकट जेल भरलं आणि तिला डोळे मिटायला सांगितलं. पडद्यावर नुसती रेघांची गिचमिड उमटली. ताईंनी तारा चाचपल्या, जेल पुन्हा भरलं, तरी तेच. आता खापर माझ्यावर फुटणार म्हणून मी धसकले. मग ताई समोर येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांना उमगलं. बाई डोळे मिटून हसत होती. गाल ताणून, दात आवळून, परीक्षेला बसल्यासारखी हसत होती.

"हसू नका," ताई म्हणाल्या. "चेहऱ्याचे स्नायू ताणले की त्यांचीच वीज यात येते."

"पण लहरी वाईट आल्या तर?" ती म्हणाली. "हा रोज विचारतो, आज बरं वाटतंय का. मग मी हसते. सवयच झालीय."

"इथं कुणाला काही दाखवायचं नाही. चेहरा सैल सोडा."

तिनं सोडला. आधी थोडी रडली, तेवढं ताई थांबल्या. भावानं मान खाली घातली. मला फार वाईट वाटलं. मग हळूहळू रेघा स्वच्छ येऊ लागल्या.

डॉक्टरांनी दोन्ही नोंदी शेजारी शेजारी लावल्या. "तुम्हाला जाणवत नाहीये, पण मेंदूत बदल सुरू झालाय," ते म्हणाले. "असा बदल दिसला की बऱ्याच जणांना पुढे गुण येतो. सगळ्यांना नाही, खोटं कशाला सांगू? पण आत्ता गोळी सोडू नका."

ती भावाकडे वळून म्हणाली, "महिनाभर मला काही विचारू नकोस."

"बरं," भाऊ म्हणाला.

त्यानंतर जेल न लागणारी नवी टोपी आली आणि माझी रवानगी कपाटात झाली. तीही न धुताच. जेल वाळून चकत्यांत दगडासारखं बसलं. पण नव्या टोपीचं दाट केसांपुढे काही चालेना, तेव्हा ताईंनी मला कोमट पाण्यात भिजवलं आणि मऊ ब्रशनं एकेक चकती साफ केली. बसवाल्या बाईचे केस दाटच. त्यामुळे गुण आला का हे बघायला दोन महिन्यांनी ठेवलेली तिची पुढची तपासणी माझ्याच वाट्याला आली.

ती एकटीच आली. अंगात चालकाचा गणवेश, हातात किल्ल्या.

"ताई, जरा लवकर आटपा," ती म्हणाली. "शाळा सुटायची वेळ झालीय. पोरं वाट बघत असतील."

मित्रांनो, मला वापरून झालं की लगेच धुवा, एवढीच माझी स्वतःसाठी विनंती. आणि तुमच्या घरात कोणी मनानं आजारी असेल, तर त्याला बरं दिसायची सक्ती करू नका. बरं व्हायला त्याला वेळ द्या.